फ्रेंच वाक्प्रचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतलेली मुलं, पुण्या-मुंबईत देल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची तयारी करणारे, नोकरीसाठी माँत्रेयाल किंवा तुलूझला निघालेले, सगळे एकाच जागी अडतात. व्याकरण जमतं, शब्दही बरेच येतात, पण समोरचा ‘माझ्याकडे फळीवर पाव आहे’ म्हणाला की गाडी थांबते. सतत येणारे प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत.

उच्चार देवनागरीत दिले आहेत, ते असे वाचा. ‘लापँ’, ‘मँ’, ‘पँ’ यांच्या शेवटी न किंवा म ऐकू येता कामा नये, आवाज नाकातच राहू द्या. ‘ज़’ हा उर्दूतल्या ‘ज़रा’चा. ‘श’ म्हणताना गळ्यात कंप आणला की जो आवाज निघतो, तो इथला ‘झ’. ‘स्यूर’, ‘द्यू’मधला स्वर काढताना ओठ शीळ घालतो तसे करा आणि ‘ई’ म्हणा.

१. वाक्प्रचार आणि म्हण यांत फ्रेंचमध्येही फरक करतात का?

करतात. वाक्प्रचाराला ‘एक्सप्रेस्यों’ म्हणतात आणि म्हणीला ‘प्रॉव्हेर्ब’. वाक्प्रचारातलं क्रियापद चालवावं लागतं, माणूस आणि काळ बदलतो. ‘तोंबे दाँ ले पॉम’ (सफरचंदांत पडणे, म्हणजे चक्कर येऊन पडणे) याचं ‘मी पडलो’, ‘ती पडली’ असं सगळं होतं. म्हण हे पूर्ण वाक्य असतं आणि ते जसंच्या तसं उचलायचं असतं. ‘प्ती ता प्ती, ल्वाज़ो फे सों नी’, म्हणजे हळूहळू पाखरू घरटं बांधतं, आपलं ‘थेंबे थेंबे तळे साचे’. म्हणी पाठ केल्या की भागतं. वाक्प्रचार मात्र वाक्यात घालून चालवता आला पाहिजे, म्हणून या पानाचा भर त्यांच्यावर आहे.

२. वाचताना ‘हा वाक्प्रचार आहे’ हे ओळखायचं कसं?

विषयाशी संबंध नसलेला प्राणी, भाजी किंवा अवयव वाक्यात आला की थांबायचं. ऑफिसच्या मेलमध्ये कुणी लिहिलं, ‘एर, झ नेते पा दाँ मोंनास्येत’. शब्दशः पाहिलं तर ‘काल मी माझ्या ताटात नव्हतो’. मेल जेवणाबद्दल नाही, म्हणजे ताट खरं नाही. अर्थ असा की काल माझं काही ठीक नव्हतं, तब्येत किंवा मन जागेवर नव्हतं. ‘आस्येत’चा जुना अर्थ बैठक, विशेषतः घोड्यावर बसण्याची ठेवण. ताट हा अर्थ नंतर आला.

दुसरी खूण म्हणजे ‘आँ’ आणि ‘ई’ ही छोटी सर्वनामं. ‘झाँने मार’ (मला वीट आला) यातलं ‘आँ’ कशाबद्दल आहे हे शोधत मागची ओळ वाचू नका. ते त्या वाक्प्रचारात कायमचं गोठलेलं आहे.

३. शब्दकोशात कोणत्या शब्दाखाली शोधायचं?

आधी नामाखाली, न सापडल्यास क्रियापदाखाली. ‘पोज़े अं लापँ’ हवा असेल तर ‘लापँ’ उघडा, कारण ‘पोज़े’ची नोंद लांबलचक असते. दोन नामं असतील तर जे कमी वापरातलं ते आधी पाहा.

‘प्ती रोबेर’ आणि ‘लारूस’ हे रोजचे सोबती. ‘त्रेज़ोर द ला लाँग फ्राँसेज़’ हा सोळा खंडांचा कोश इंटरनेटवर फुकट आहे आणि त्यात लेखकांच्या वाक्यांसह वापर दिलेला असतो. मात्र त्याची सामग्री मुख्यतः १७८९ ते १९६० या काळातली आहे, आजची बोली त्यात मिळणार नाही. नोंदीत अर्थाआधी तिरप्या अक्षरांत येणारी खूण कधीही वगळू नका. ‘फाम.’ म्हणजे घरगुती बोली, ‘पॉप.’ म्हणजे त्याहून सैल, ‘व्ह्युल्ग.’ म्हणजे अश्लील, ‘व्ह्येयी’ म्हणजे आता जुनाट वाटणारं. यांचा उपयोग प्रश्न १० मध्ये.

४. मराठीशी हुबेहूब जुळणारे वाक्प्रचार आहेत का? तिथून सुरुवात केली तर सोपं जाईल.

आहेत, आणि सुरुवात तिथूनच करावी. ‘झते द ल्युईल स्यूर ल फो’ म्हणजे आगीत तेल ओतणे. ‘ले म्यूर ओं देज़ोरेय’ म्हणजे भिंतींना कान असतात. ‘आव्वार लो आ ला बूश’ म्हणजे तोंडाला पाणी सुटणे. ‘तिरे ला सॉनेत दालार्म’ म्हणजे धोक्याची घंटा वाजवणे. ‘आव्वार यून दाँ कोंत्र केल्कं’ म्हणजे एखाद्यावर दात धरणे. दातच, दुसरा कुठला अवयव नाही! ‘ला पार द्यू ल्यों’ हा सिंहाचा वाटा आणि सोन्याची अंडी देणारी कोंबडी तर दोन्हीकडे इसापाच्या गोष्टींतूनच आली.

काही ठिकाणी चित्र वेगळं आणि अर्थ तोच. फ्रेंच पाऊस दोरखंडांसारखा पडतो (‘इल प्लो दे कॉर्द’), आपला मुसळांसारखा. अस्वल मारण्याआधी त्याचं कातडं विकणं (‘व्हाँद्र ला पो द लूर्स’) म्हणजे बाजारात तुरी. फ्रेंच माणसाला एखादी गोष्ट ‘डोक्यातल्या डोळ्यांच्या किमतीला’ पडते, आपले किंमत ऐकून डोळे पांढरे होतात. खरडपट्टी काढायची तर तिकडे ‘पासे अं साव्हों’, साबण लावतात. आपण बिनपाण्याने करतो.

५. मराठीसारखे दिसतात पण अर्थ निराळा, असे कोणते?

चुका होतात त्या इथेच, कारण ओळखीचं वाटलं की माणूस कोश उघडत नाही.

‘लव्हे ल प्ये’, शब्दशः पाय उचलणे. मराठीत ‘पाय उचल’ म्हणजे भरभर चाल. फ्रेंचमध्ये नेमकं उलट: वेग कमी करा, दमाने घ्या. पाय उचलायचा तो गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरवरून. डॉक्टरांनी हे सांगितलं तर कामाचा रगाडा कमी करायचा आहे.

‘प्राँद्र सों प्ये’, आपला पाय घेणे. पाय धरण्याशी किंवा काढता पाय घेण्याशी याचा काडीचा संबंध नाही. अर्थ मनमुराद मजा लुटणे, आणि त्याला लैंगिक छटा आहे. चारचौघांत जपून.

‘इल म प्राँ ला तेत’, तो माझं डोकं घेतो, म्हणजे माझं डोकं खातो. पण मधलं ‘म’ गेलं आणि ‘इल प्राँ ला तेत’ झालं की तो आघाडी घेतो, शर्यतीत पुढे जातो. एका अक्षराने तक्रारीचं कौतुक होतं.

‘न पा आव्वार सा लाँग दाँ सा पॉश’, जीभ खिशात नसणे. याला आपलं ‘जिभेला हाड नसणे’ लावायचा मोह होतो. आपला वाक्प्रचार दोष सांगतो. फ्रेंचमधला बहुतेकदा अर्धं कौतुक असतो: उत्तर तयार असतं, मुखदुर्बळ नाही.

६. अर्थ बरोबर कळतो, तरी माझं वाक्य चुकतं. नेमकं काय चुकतं?

मराठी बोलणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा एकाच प्रकारची असते. आपल्याकडे अनुभव माणसाकडे येतो: मला भूक लागली, माझ्या अंगावर काटा आला, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. कर्ता भूक, काटा, पाणी. फ्रेंचमध्ये तो माणूस कर्ता होतो आणि ‘आव्वार’ (जवळ असणे) हे क्रियापद येतं. ‘झे फँ’, माझ्याकडे भूक आहे. ‘झे ला शेर द पूल’, माझ्याकडे कोंबडीचं मांस आहे, म्हणजे अंगावर काटा आला. म्हणून मनातलं मराठी वाक्य ‘मला’ने सुरू होत असेल तर आधी ‘झे’ लावून बघा. निम्म्याहून अधिक वेळा तेच बरोबर निघतं.

दुसरी चूक ‘माझं’ घालण्याची. अवयव असलेल्या वाक्प्रचारांत फ्रेंच बहुधा ‘माझा हात’ म्हणत नाही, निश्चित उपपद लावून ‘तो हात’ म्हणतं. एकवचन-अनेकवचनही जपावं लागतं. ‘इल आ ल ब्रा लों’, त्याचा हात लांब आहे, म्हणजे त्याचे हात वरपर्यंत पोचलेत. ‘इल आ ले ब्रा लों’ असं अनेकवचन केलंत की शिंप्याकडे शर्टाचं माप देताना बोलावं तसं होतं: त्याचे हात खरोखरच लांब आहेत.

७. एखादा वाक्प्रचार ‘पूर्ण’ शिकणं म्हणजे काय? एक करून दाखवा.

‘पोज़े अं लापँ’ घेऊ. शब्दशः ससा ठेवणे. अर्थ: भेटायची वेळ ठरवून न येणे, न कळवणे. मराठीत चपखल शब्द आहे, टांग देणे.

कोशात तो ‘पोज़े अं लापँ आ केल्कं’ असा दिसेल. शेवटचं ‘आ’ महत्त्वाचं आहे. ससा कुणा‘ला’ तरी ठेवला जातो, म्हणजे सर्वनाम चतुर्थीचं लागणार. ‘त्याने मला टांग दिली’: ‘इल मा पोज़े अं लापँ’. ‘मी तिला टांग दिली’: ‘झ ल्युई ए पोज़े अं लापँ’. इथे फ्रेंचमधलं द्वितीयेचं सर्वनाम ‘ला’ नाही चालत, ‘ल्युई’च. कर्मणी प्रयोगही होत नाही. ‘मला ससा ठेवला गेला’ असं इंग्रजीच्या सवयीने करू नका. कुणी दिली ते सांगायचं नसेल तर ‘ओं मा पोज़े अं लापँ’.

अटी दोन. भेट आधी ठरलेली असली पाहिजे, सहज येतो म्हणाला आणि आला नाही तर ससा नाही. आणि त्याने ‘जमत नाही’ असं आधी कळवलं तरी ससा नाही, ते ‘आन्यूले’, रद्द करणं. बाज घरगुती. मित्राला म्हणाल, पण क्लायंट आला नाही तर मेलमध्ये ‘आपण भेटीच्या वेळी आला नाहीत’ असं साधंच लिहाल.

अर्थ, पुढे लागणारं अव्यय, भूतकाळातलं एक वाक्य, अटी, बाज. एवढं वहीत आलं की तो वाक्प्रचार तुमचा झाला.

८. ‘कू’ हा शब्द सगळीकडे येतो. त्याचा एकच अर्थ सांगता येईल का?

मूळ अर्थ फटका, तडाखा. त्यातून ‘झटक्यात केलेली गोष्ट’ ही छटा आली आणि मग कुटुंब वाढलं. एक अर्थ पाठ करून उपयोग नाही. क्रियापदासकट शिका, कारण प्रत्येकाचं क्रियापद वेगळं आहे.

‘दॉने अं कू द मँ’: हातभार लावणे. इथे ‘दॉने’, देणे. ‘पासे अं कू द फिल’: फोन करणे. ‘फिल’ म्हणजे तार, जुन्या टेलिफोनची. ‘झते अं कू दय’: नजर टाकणे. मराठीतही आपण नजर टाकतोच. ‘आव्वार ल कू द फूद्र’: वीज पडणे, पाहताक्षणी प्रेमात पडणे. घर किंवा कुत्र्याचं पिल्लू पाहूनही ही वीज पडू शकते. ‘आत्रापे अं कू द सॉलेय’: उन्हाने कातडी भाजणे. आपल्या ‘ऊन लागणे’शी याची गल्लत करू नका. डोकं दुखून मळमळतंय, ते ‘अँसॉलास्यों’. औषधाच्या दुकानात हा फरक फार महत्त्वाचा.

‘तनिर ल कू’: तग धरणे. ‘सा व्हो ल कू’: करण्याजोगं आहे. ‘ब्वार अं कू’: एखादा पेग घेणे.

‘कू द तेत’ जरा जपून. ‘स्यूर अं कू द तेत’ म्हणजे डोक्यात आलं म्हणून, विचार न करता. ‘दॉने अं कू द तेत’ म्हणजे डोक्याने ढुशी देणे. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ज़िदानने मारली ती. नोकरी सोडल्याचं सांगताना ‘स्यूर’ विसरू नका.

बोलताना दर दोन वाक्यांनी येणारं ‘द्यू कू’ हे यातलंच, अर्थ फक्त ‘मग’, ‘त्यामुळे’. बोलताना वापरा, निबंधात ‘दोंक’ किंवा ‘पार कोंसेकाँ’ लिहा.

९. काही वाक्प्रचार फक्त नकारार्थीच वापरतात म्हणे?

होय, आणि कोश हे ठळकपणे सांगतोच असं नाही. ‘स ने पा ला मेर आ ब्वार’: काही समुद्र प्यायचा नाहीये, एवढं काही अवघड नाही. ‘हे समुद्र पिण्यासारखं आहे’ असं होकारार्थी कुणी म्हणत नाही. ‘न पा आव्वार फ्र्वा ओज़्यो’: डोळ्यांना थंडी न वाजणे, बेधडक असणे. भित्र्या माणसाच्या डोळ्यांना थंडी वाजते असं मात्र म्हणत नाहीत. ‘सा न कास पा त्र्वा पात आ अं कानार’: याने बदकाचे तीन पाय मोडत नाहीत, म्हणजे काही विशेष नाही. प्रश्न २ मधलं ताट आणि प्रश्न ५ मधली खिशातली जीभ हेही नकारातच राहतात. ‘एकाच वेळी भट्टीवर आणि गिरणीत’ (‘ओ फूर ए ओ मूलँ’) असणंही बहुतेक ‘असू शकत नाही’ असंच येतं: एक माणूस किती ठिकाणी पुरणार?

वहीत अशांचं रूप नकारासकटच लिहा. बोलताना ‘न’ गळतो, ‘पा’ कधीच नाही.

१०. कोणता वाक्प्रचार कुणासमोर चालेल हे कसं ठरवायचं?

एकाच अर्थाच्या पायऱ्या एकाखाली एक लिहून बघा. ‘मला फरक पडत नाही’ घ्या. ‘सा मेतेगाल’ कुठेही चालतं. ‘झ माँ मॉक’ थोडं धारदार, पण सभ्य. ‘झ माँ फिश’ मित्रांत, आपल्या ‘मला काय त्याचं’सारखं. ‘झ माँ फू’ खडबडीत, आपल्या ‘फाट्यावर मारतो’च्या जवळचं, ते ऐकून समजावं आणि स्वतः टाळावं. महागाईचंही तसंच: ‘शेर’ (महाग), मग ‘डोक्यातले डोळे’, मग ‘ला पो दे फेस’, म्हणजे ढुंगणाची कातडी. पहिले दोन सासूबाईंसमोर चालतील, तिसरा नाही.

‘व्हू’ने, म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’ने, बोलत असाल तर ‘फाम.’ खूण असलेला वाक्प्रचार आपण होऊन काढू नका. समोरच्याने काढला तर त्याच पायरीचा वापरायला हरकत नाही. आजारपणात तर साधे शब्दच बरे. दवाखान्यात ‘सफरचंदांत पडलो’ म्हटलं तरी कळेल, पण नोंद ‘झे पेर्द्यू कोनेसाँस’ (शुद्ध हरपली) याच शब्दांत होते.

११. कोणत्या चुका खरोखर लाजिरवाण्या ठरतात?

जेवण झाल्यावर ‘पोट भरलं’ म्हणून ‘झ स्युई प्लेन’ म्हणणे. मादी जनावर गाभण असलं की हा शब्द वापरतात आणि पुरुषी रूप ‘प्लँ’ झिंगलेल्या माणसाला लावतात. ‘झे ब्यँ माँझे’, छान जेवलो, एवढं पुरे.

‘मला गरम होतंय’साठी ‘झ स्युई शो’. याला कामुक अर्थ आहे, आणि हल्लीच्या बोलीत ‘मी तयार आहे’ असाही. उकडतंय तर ‘झे शो’. प्रश्न ६ चा ‘आव्वार’ इथे वाचवतो.

वाक्प्रचारातल्या ‘शा’ (मांजर) या शब्दाचं स्त्रीलिंग करणे. घसा बसला की ‘आव्वार अं शा दाँ ला गॉर्ज’, घशात मांजर असणे. बोलणारी बाई असली तरी मांजर पुल्लिंगीच राहतं. स्त्रीलिंगी रूप शरीराच्या अवयवाचा अश्लील शब्द आहे.

१२. ‘पा माल’ म्हणजे चांगलं की वाईट?

चांगलं, बहुतेक वेळा बऱ्यापैकी कौतुक. आणि ‘पा तेरिब्ल’ म्हणजे ‘भयंकर नाही’ असं वाटतं, पण अर्थ ‘काही खास नाही, सुमारच’. बोलीत ‘तेरिब्ल’ झकास या अर्थाने येतं, त्याचा हा नकार. ‘से पा एव्हिदाँ’ म्हणजे ‘उघड नाही’ नव्हे, ‘सोपं नाही’. तुमच्या कामावर साहेब ‘पा तेरिब्ल’ म्हणाले तर आभार मानण्याआधी पुन्हा एकदा काम बघा.

१३. व्युत्पत्ती शिकल्याने लक्षात राहतं का? इंटरनेटवरच्या गोष्टी खऱ्या असतात का?

लक्षात राहतं, पण सगळ्या गोष्टींवर सारखा विश्वास ठेवू नका. काहींना पक्का आधार आहे. ‘कू द झार्नाक’ म्हणजे पाठीमागून केलेला घात. १० जुलै १५४७ रोजी राजा दुसरा आँरी याच्यासमोर झालेल्या द्वंद्वात झार्नाकने प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्यामागची शीर कापली. वार नियमाबाहेरचा नव्हता, फक्त अनपेक्षित होता. कपटाचा अर्थ नंतर चिकटला. ‘रव्हनों आ नो मूतों’ (आपल्या मेंढ्यांकडे वळू, म्हणजे मूळ मुद्द्यावर येऊ) हे पंधराव्या शतकातल्या ‘पातलँ’ या प्रहसनातल्या न्यायाधीशाचं बोलणं. कापडवाला मेंढ्यांच्या खटल्यात सारखा कापडाचं बोलत राहतो.

सफरचंदांचं मात्र ठरलेलं नाही. ‘पामे’ (मूर्च्छा येणे) या जुन्या शब्दाचा अपभ्रंश, असं काही म्हणतात. काही जण लेखिका जॉर्ज सांद यांच्या पत्रातल्या, थकव्यासाठी वापरलेल्या ‘शिजलेल्या सफरचंदां’कडे बोट दाखवतात.

अर्थ उलटतो तेही पाहण्यासारखं. ‘आव्वार द्यू पँ स्यूर ला प्लाँश’, फळीवर पाव असणे, एकोणिसाव्या शतकात ‘पोटापाण्याची ददात नाही’ या अर्थाने चाले. आज त्याचा अर्थ ‘कामाचा ढीग पडलाय’. जुनी कादंबरी वाचताना हे ध्यानात ठेवा.

१४. शब्द बदलून स्वतःचा वाक्प्रचार करता येईल का? सशाऐवजी कोंबडी?

नाही, तो फक्त हसण्यावारी जाईल. समानार्थी शब्दही चालत नाही, विशेषणं क्वचित. काळ, पुरुष आणि ‘माझं-तुझं’ जिथे मुळात आहे तिथे तेवढं बदलतं. म्हणून ‘माझ्या ताटात’, ‘तिच्या ताटात’ होतं, पण ‘माझ्या थाळीत’ होत नाही.

१५. ‘ऊ ला ला’, ‘साक्रब्लो’ हे फ्रेंच लोक खरंच बोलतात का?

‘साक्रब्लो’ आज गंमतीतच. ‘ओ ला ला’ रोज ऐकू येतं, पण त्यात शृंगार नाही. दूध उतू गेलं, गाडी चुकली, बातमी धक्कादायक निघाली की ते येतं, आपल्या ‘अरे बापरे’सारखं. लग्नपत्रिकेवर छापतात ते आर.एस.व्ही.पी. खरं फ्रेंच आहे, ‘कृपया उत्तर द्या’. मैफलीत ‘आँकोर’ ओरडणं मात्र इंग्रजांचं. फ्रान्समध्ये ‘बिस!’ म्हणतात.

१६. देल्फच्या बी२ पातळीच्या निबंधात वाक्प्रचार घातले तर गुण वाढतात का?

नेमके एक-दोन घातले तर भाषेवरची पकड दिसते. सुमारे २५० शब्दांत पाच घातले तर चिकटवलेले वाटतात. लेखन युक्तिवादाचं असतं, तेव्हा ‘तिरे ला सॉनेत दालार्म’, ‘झते द ल्युईल स्यूर ल फो’, ‘फेर द्यून प्येर दो कू’ (एका दगडात दोन पक्षी) असे तटस्थ बाजाचे निवडा. ससा, सफरचंदं तोंडी परीक्षेतही टाळा, तो संवाद परीक्षकाशी ‘व्हू’ने होतो. आणि क्रियापदाचा काळ चुकणार असेल तर तो वाक्प्रचार सोडूनच द्या.

१७. पॅरिसमध्ये शिकलेलं केबेकमध्ये (कॅनडातल्या फ्रेंचभाषी प्रांतात) चालतं का?

कळतं, पण ऐकू येतं ते वेगळं. केबेकमध्ये धो धो पाऊस ‘इल प्लो आ ब्वार दबू’, म्हणजे उभ्याउभ्या पिता येईल इतका. ‘तीर त्वा यून ब्यूश’, एक ओंडका ओढ, म्हणजे ये, बस. ‘आताश ता त्यूक’, लोकरी टोपी बांध, म्हणजे सांभाळ, आता धमाल उडणार आहे. वैतागलेला माणूस ‘झ स्युई ताने’ म्हणतो. एक सावधगिरी हवीच: फ्रान्समध्ये ‘गॉस’ म्हणजे पोरं, केबेकमध्ये तोच शब्द पुरुषाच्या अवयवासाठी आहे. मुलांबद्दल बोलताना ‘आँफाँ’ म्हणा, दोन्हीकडे सुखरूप राहाल.

बेल्जियममध्ये ‘तिरे सों प्लाँ’ म्हणजे आपलं आपण निभावून नेणे. स्वित्झर्लंडमध्ये ‘सा झू’ म्हणजे ठीक, जमतंय.

१८. पाठ करतो आणि विसरतो. आठवड्याला किती करावेत?

चार-पाच, पण प्रश्न ७ सारखे पूर्ण. पन्नासांची यादी पाठ केली की सगळी जनावरं एकमेकांत मिसळतात. अवयवानुसार यादी करणंही घातक. ‘तेत’चे दहा एका दिवशी केलेत तर दहाही गोंधळतील. प्रसंगानुसार गट करा: उशीर, पैसा, भांडण, आजारपण. वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं लिहा, भूतकाळात, मोठ्याने वाचा. दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग पुढच्या रविवारी वही झाकून पुन्हा म्हणा.

म्हणताना एक ऐकण्याची खूण: ‘अंडं’ एकवचनात ‘अफ’, अनेकवचनात नुसतं ‘ओ’. ‘मार्शे स्यूर देज़ो’, अंड्यांवर चालणे, म्हणजे जपून पावलं टाकणे. इथे ‘फ’ उच्चारला की वाक्प्रचार ओळखू येत नाही.

१९. समोरच्याने वापरलेला वाक्प्रचार कळलाच नाही तर काय म्हणायचं?

नुसती मान हलवू नका. कळला नाही तो तुकडा तसाच परत म्हणा आणि जोडा, ‘सा व्हो दीर क्वा?’, म्हणजे काय? ‘व्हू’चं नातं असेल तर ‘केस क सा व्हो दीर?’. बहुतेक लोक आनंदाने समजावतात आणि वर ‘ओळख बरं!’ असंही म्हणतात. दोन अंदाज करून बघा. नाहीच जमलं तर कोडं सुटत नाही, हार मानली, हे सांगायलाही फ्रेंचमध्ये मांजर आहे: ‘झ दॉन मा लाँग ओ शा’, मी माझी जीभ मांजराला देतो.